ओकाझाकीत वाढलेलं पान

मी मासे खात नाही. त्यामागं व्रत नाही, सोवळंही नाही. आमच्या कराडच्या घरी रविवारी मटण शिजायचं आणि मी ते आवडीनं खायची. पण सातवीत असताना शाळेची सहल रत्नागिरीला गेली होती. मिरकरवाडा बंदराजवळ वाळत घातलेल्या मासळीचा वास नाकात गेला आणि त्यानंतर कुंभार्ली घाट चढून एसटी कोयनानगरला येईपर्यंत मी खिडकीबाहेर मान काढून होते. त्या दिवसापासून सुकट-बोंबलाचा वास आला की माझा घसा मिटतो. ऑफिसातली मालवणी मैत्रीण डबा उघडायची तेव्हा मी टेबल बदलायची. तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण तिला ते लागत असणार.

नोव्हेंबरात कंपनीनं सहा दिवसांसाठी जपानला जायला सांगितलं. चाकणच्या आमच्या कारखान्यात ब्रेकचा एक सुटा भाग बनतो, त्याच्या तपासणीची पद्धत ग्राहकाच्या लोकांबरोबर बसून जुळवायची होती. मुक्काम आइची प्रांतात, ओकाझाकी गावात. मी बॅगेत दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, डिंकाचे लाडू आणि पाणी तापवायची छोटी किटली भरली. सहा दिवस यावर निघतील असा हिशेब होता. आईनं लाडवांचा डबा बांधताना एवढंच म्हटलं, "कुणी मायेनं वाढलं तर तोंड वाकडं करू नको गं."

सोमवार

बँकॉकमार्गे रात्रभर प्रवास करून सकाळी चुबू विमानतळावर उतरलो. इसे उपसागरात भराव घालून केलेल्या बेटावर हा विमानतळ आहे, २००५ साली सुरू झालेला. तिथून मेइतेत्सूची गाडी, जिंगू-माए स्टेशनात बदल आणि मग हिगाशी-ओकाझाकी. घड्याळ साडेतीन तास पुढं केलं, पण पोट पुण्याच्या वेळेवरच होतं.

आमची दुभाषी पुण्याचीच मुलगी. जपानी पुण्यात शिकली आणि गेली पाच वर्षं नागोयात राहते. स्टेशनावर भेटल्यावर दोन मिनिटं "मॅडम" म्हणाली, मग "ताई"वर आली. तिनं मला हॉटेलवर सोडण्याआधी कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात नेलं. ओनिगिरीच्या फळीसमोर उभी राहून म्हणाली, "ताई, हे एक अक्षर लक्षात ठेवा. हे 'उमे'चं. हे दिसलं की आत मासा नाही, आंबट फळ आहे."

ओनिगिरी म्हणजे मुठीत दाबून केलेला भाताचा त्रिकोण. वरच्या कागदावर १, २, ३ असे आकडे असतात आणि त्याच क्रमानं तो सोलायचा. नोरीचा, म्हणजे समुद्री शेवाळाचा पापड भाताला चिकटून ओला होऊ नये म्हणून दोन पातळ कागदांच्या मधे ठेवलेला असतो. तिसरा कागद ओढला की तो कुरकुरीत पापड आपोआप भाताभोवती बसतो. मी तपासणी विभागात काम करते, त्यामुळे एवढ्या स्वस्त वस्तूमागं कुणीतरी इतका विचार केलाय हे पाहून मला मनापासून आदर वाटला.

दोन घासांनंतर दात उमेबोशीला लागले. आंबट आणि खारट, दोन्ही एकदम, इतकं तीव्र की डोळे मिटले. उघडले तेव्हा मला आमच्या माजघरातली फडताळावरची बरणी आठवत होती, जुन्या मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याची, मीठ खडखडीत वर आलेली. मी पूर्ण ओनिगिरी खाल्ली. दशम्यांचा डबा त्या रात्री उघडलाच नाही.

भाताबद्दल एक सांगायचं राहिलं. शरद ऋतूत तिकडं नवा तांदूळ येतो, त्याला 'शिनमाइ' म्हणतात आणि दुकानात तसं ठळक लिहिलेलं असतं. आमच्याकडं तांदूळ जुना असला तर भाव. वर्षभर ठेवलेला, मोकळा होणारा. तिथं नवा, ओलसर, चिकट भात हीच चैन. मावळातल्या इंद्रायणीची सवय असलेल्याला तो परका वाटणार नाही. दाणा दाण्याला धरून असतो, चव किंचित गोडसर.

मंगळवार

हा दिवस मला लिहायला जड जातो.

बाराच्या ठोक्याला कारखान्याच्या उपाहारगृहात गेलो. ताटात भात, मिसोचं, म्हणजे मुरवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं सूप, मीठ लावून भाजलेला बांगड्याच्या जातीचा मासा, थंड तोफूचा चौकोन आणि मुळ्याचं पिवळं लोणचं, ताकुआन. तोफूवर लाकडाच्या तासलीसारखे पातळ, गुलाबी-तपकिरी पापुद्रे भुरभुरले होते. काय ते विचारायच्या आधीच वास आला. मिरकरवाड्याचाच वास, फक्त त्यात धूर मिसळलेला.

ते कात्सुओबुशी. बोनिटो नावाचा मासा उकडून, धुरी देऊन, पुन्हा पुन्हा वाळवून लाकडासारखा टणक करतात आणि रंध्यावर तासतात. हे पापुद्रे आणि कोंबू नावाचं समुद्री शेवाळ पाण्यात घालून जो अर्क निघतो तो दाशी. सुपात दाशी, नूडल्सच्या रश्श्यात दाशी, शिजवलेल्या भोपळ्यात दाशी, अंड्याच्या गुंडाळीतसुद्धा दाशी. आमच्याकडं फोडणी जशी प्रत्येक भांड्यातून जाते तशी. या कोंबूच्या अर्काला जी चव असते ती गोड-आंबट-खारट-कडू यांपैकी कशातच बसत नाही, हे तोक्योच्या विद्यापीठातल्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली शोधलं. ती ग्लुटामेट नावाच्या द्रव्याची चव, आणि तिला उमामी हे नाव त्यांनीच दिलं. हे सगळं दुभाषीनं नंतर समजावलं. त्या क्षणी मी फक्त श्वास रोखून बसले होते.

भात आणि मुळ्याचं लोणचं खाल्लं. मधेच हात मोकळे करायला काड्या भातात उभ्या खोचल्या, तेव्हा दुभाषीनं हळूच माझ्या हातावर हात ठेवला. "ताई, आडव्या ठेवा. उभ्या काड्यांचा भात इथं गेलेल्या माणसाला ठेवतात." मी चटकन काढल्या. पिंडाचा भात कसा दिसतो हे आपल्याला सांगावं लागत नाही. असा भात जेवणाऱ्यांच्या ताटात दिसला की काय वाटत असेल ते लगेच कळलं.

जेवण झाल्यावर प्रत्येक जण ताट खिडकीशी नेऊन देत होता. खिडकीमागं पांढऱ्या टोपीतल्या दोन बायका भांडी घेत होत्या. ताट देताना प्रत्येक जण मान लववून "गोचिसोसामा" म्हणत होता, म्हणजे आपण मेजवानी दिलीत. त्यांची ताटं लख्ख होती. माशाचा फक्त काटा, तोही कडेला नीट ठेवलेला. माझ्या ताटात अख्खा मासा, न शिवलेलं सूप आणि तोफू. मीही म्हटलं, "गोचिसोसामा." त्या बाईनं माझ्या ताटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि काळजीच्या स्वरात काहीतरी विचारलं. दुभाषीनं सांगितलं, "त्या विचारतायत, तब्येत बरी नाही का?"

पानात टाकू नये हे मी माझ्या मुलाला हजारदा सांगितलंय. त्या खिडकीशी मला उत्तर सुचलं नाही.

संध्याकाळी यजमान विभागप्रमुखांनी दुभाषीकरवी मला नेमके प्रश्न विचारले, एका कागदावर लिहून घेत. मासा नको, बरं. कोंबडी चालते? अंडं? माशाचा अर्क असलेलं सूप? वास नको की चव नको? या शेवटच्या प्रश्नानं मी थांबले. इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी म्हटलं, वास. त्यांनी ते लिहून घेतलं.

बुधवार

सकाळी दुभाषी मला स्टेशनाजवळच्या जुन्या कॉफीगृहात घेऊन गेली. या भागात कॉफीच्या पैशातच जाड टोस्ट आणि उकडलेलं अंडं मिळतं, त्याला 'मॉर्निंग' म्हणतात. जवळच्या इचिनोमिया गावचे लोक सांगतात की ही रीत त्यांची. तिथं कापडाच्या गिरण्या, मागांच्या खडखडाटात बोलणं ऐकू येईना, म्हणून मालक-व्यापारी सौद्याच्या गोष्टी कॉफीगृहात करायचे. मला लगेच इचलकरंजी आठवली. मागाच्या पेठेतून चालताना आपणही खुणांनीच बोलतो.

टोस्टवर लोणी आणि त्यावर गडद लाल गोड थर होता. ओगुरा, म्हणजे अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं साखर घालून आटवलेलं सारण. अझुकी ही मूग-उडीद-चवळीची सख्खी नातलग. जिभेवर ठेवताच कळलं की हे पुरण आहे. वेलदोडा-जायफळ नाही, डाळ अर्धवट अख्खी, पण पुरणच. तूप घालून पुरणपोळी खाणाऱ्याला लोण्यावरचं ओगुरा शिकवावं लागत नाही.

जपानीत ब्रेडला 'पान' म्हणतात आणि तो शब्द पोर्तुगीज. आपला 'पाव'ही तिथूनच आलेला. पोर्तुगीज व्यापारी १५४३ साली जपानच्या किनाऱ्याला लागले, आणि १५४९ साली फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून कागोशिमाला पोहोचले. जुन्या गोव्यात बॉम जीझसच्या चर्चमध्ये त्यांच्या शवपेटीपुढं मी दोनदा उभी राहिलेय. मिसळीबरोबरचा पाव आणि हा टोस्ट एकाच शब्दाची दोन लेकरं आहेत, हे मात्र ओकाझाकीत बसून कळलं.

दुपारी बैठक संपल्यावर विभागप्रमुखांनी पिशवीतून रुमालात बांधलेली काचेची छोटी बरणी काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. आत सुरकुतलेली, तांबडी फळं. "आईनं केलीत. तुम्हाला उमे आवडलं असं कळलं."

मी बरणी हातात घेऊन विचारत सुटले आणि ते सांगत राहिले. उमे म्हणजे जर्दाळूच्या जवळचं फळ. जूनमध्ये पिकायला आलं की धुवून, देठं टोचून काढून, मिठात घालायचं. मीठ फळांच्या वजनाच्या पंधरा ते वीस टक्के. वर दडपण ठेवायचं, मग फळ आपलंच पाणी सोडतं. मिठात चोळून काळं पाणी काढलेली लाल शिसोची पानं त्यात घालायची, त्यानं रंग चढतो. पावसाळा संपला की जुलैअखेरच्या कडक उन्हात बांबूच्या सुपांवर तीन दिवस वाळवायची. एकेक फळ हातानं उलटायचं. त्यांची आई ऐंशीच्या पुढच्या आहेत आणि अजून हे कुणाला करू देत नाहीत. मी त्यांना सांगितलं की माझी आई सांडगे-कुरडया गच्चीवर घालते आणि चिमण्या हाकलायला काठी घेऊन सावलीत बसते. दुभाषीनं ते सांगितल्यावर ते मोठ्यानं म्हणाले, "आमच्याकडं कावळे."

रात्री खोलीत पाकिटातला भात गरम करून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि एक उमेबोशी, असं जेवले. फार चांगलं जेवले.

गुरुवार

काम लवकर आटोपलं म्हणून ते आम्हाला मिसोच्या कोठारात घेऊन गेले. ओकाझाकीचा किल्ला तोकुगावा इएयासूचं, म्हणजे पुढं जपानचा शोगुन झालेल्या सेनानीचं जन्मस्थान. जन्म १५४३ सालचा, म्हणजे पोर्तुगीज आले त्याच वर्षीचा. किल्ल्यापासून पश्चिमेला आठ चो, म्हणजे सुमारे ८७० मीटरवर जी वस्ती ती हात्चो, आणि तिथला मिसो तो हात्चो मिसो. समोरासमोर दोनच जुनी घराणी तो करतात. त्यातल्या काकुक्यूची सुरुवात १६४५ सालची. शिवाजी महाराज तेव्हा पंधरा वर्षांचे होते, असा हिशेब मनात आपोआप झाला.

कोठारात शिरताना मी सवयीनं नाकाशी रुमाल धरला आणि दोन पावलांनी काढला. वास होता, भरपूर होता, पण मासळीचा नव्हता. जुनं लाकूड, खारवलेलं, काळा गूळ, पावसाळ्यात बंद राहिलेलं बळद. सुगी नावाच्या जपानी झाडाच्या लाकडाची, माणसापेक्षा उंच पिंपं रांगेनं उभी. प्रत्येकाच्या डोक्यावर नदीतले गोटे शंकूसारखे रचलेले, चुना नाही, दोरी नाही. एका पिंपात सुमारे ६ टन मिसो आणि वर सुमारे ३ टन दगड. दगड असे रचायचे की भूकंपातही ढळता कामा नयेत. ते शिकायला कारागिराची वर्षं जातात. आत फक्त सोयाबीन, मीठ आणि थोडं पाणी. सोयाबीनवर आधी कोजी नावाची बुरशी वाढवतात आणि मग हे सगळं दगडांखाली दोन उन्हाळे, दोन हिवाळे नुसतं मुरू देतात. ढवळायचं नाही, गरम करायचं नाही.

मी त्या दगडांखाली बराच वेळ उभी राहिले. घाई ज्याला चालत नाही असं अन्न मला कळतं, कारण मी लोणच्याच्या घरात वाढले.

चव घ्यायच्या खोलीत दुभाषीनं काउंटरवरच्या बाईंना माझी अडचण सांगितली. त्या आत गेल्या आणि एका वाटीत नुसत्या गरम पाण्यात कालवलेला मिसो घेऊन आल्या. दाशी नाही, काही नाही. तेवढ्यासाठी त्यांनी वेगळं पाणी तापवलं होतं. काळपट, दाट, किंचित तुरट, आणि मागून येणारी एक खोल चव, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाटणासारखी, जी मटणाच्या काळ्या रश्श्यात तळाशी असते. मी वाटी रिकामी केली आणि दुसरी मागितली. नंतर मिसो लावून भाजलेलं वांगंही खाल्लं. वांगं निखाऱ्यावर गेलं की कुठल्याही देशात भरताच्या वाटेला लागतं.

कारखान्यात परतल्यावर मी उपाहारगृहाच्या खिडकीशी गेले. पांढऱ्या टोपीतल्या बाई आवराआवर करत होत्या. दुभाषीला बरोबर घेऊन मी त्यांना सांगितलं की तब्येत बरी होती, मला मासळीचा वास लहानपणापासून सोसत नाही, आणि भात फार सुंदर होता. त्या दोनदा वाकल्या. मग म्हणाल्या, "उद्या कात्सुओबुशी वेगळ्या वाटीत देईन."

आणि शुक्रवारी दुपारी तसंच दिलं. मी तोफू सोया सॉस आणि आलं लावून पूर्ण खाल्ला.

शुक्रवार

निरोपाचं जेवण नागोयात. हित्सुमाबुशी हा तिथला मानाचा पदार्थ. ऊनागी, म्हणजे ईल मासा, सोया सॉसच्या गोड रसात बुडवून न उकडता थेट कोळशावर भाजतात, बारीक कापतात आणि लाकडी भांड्यातल्या भातावर पसरतात. माझ्यासाठी त्यांनी कागदावर लिहिल्याप्रमाणं कोंबडी सांगितली होती. कुणी आग्रह केला नाही. आग्रह केला असता तर मी नक्की नाही म्हटलं असतं.

खायची रीत ठरलेली. भाताचे चार भाग करायचे. पहिला नुसता. दुसऱ्यात कांद्याची पात, वासाबी, नोरी. तिसऱ्यावर गरम दाशी ओतायची. चौथा, तिघांतला जो आवडला तसा. पहिली वाटी भरताना दुभाषीचा चेहरा असा खुलला होता की मी म्हटलं, "मला दोन घास दे." ती चमकली, पण काही बोलली नाही. चमच्याभर भात आणि एक तुकडा माझ्या वाटीत ठेवला.

वास कोळशाचा होता. साल कुरकुरीत, आत लोण्यासारखं मऊ, रस गोड-खारट. घास घशाखाली गेला. दुसराही गेला. मला रडू येईल की काय असं वाटलं, कारण घसा मिटला नाही हे मला आतून कळत होतं.

तिसऱ्या वाटीवर तिनं किटलीतून दाशी ओतली आणि वाफेबरोबर तोच वास वर आला. मिरकरवाडा, एसटी, खिडकी. मी वाटी खाली ठेवली. विभागप्रमुख माझ्याकडं न बघता शेजाऱ्याशी बोलत राहिले, मला ते मुद्दाम केल्याचं जाणवलं. मिनिटभरानं मी वाटी पुन्हा उचलली आणि वाफ ओसरल्यावर प्यायले. चव आमटीभातासारखी निवांत होती. वास होताच, फक्त तो त्या एसटीतून बाहेर आला होता. निम्मी वाटी झाली, उरलेली दुभाषीनं घेतली. चौथ्या वाटीला मी नाही म्हटलं आणि माझी कोंबडी खाल्ली.

शनिवार

हॉटेलच्या न्याहारीत मोठ्या भांड्यात ओकायू होता. भरपूर पाण्यात शिजवून गुरगुटा केलेला भात. शेजारी उमेबोशी. कोकणात पेज, आमच्याकडं मऊ भात, तापातून उठलेल्याला देतात तसाच. इतके दिवस तो तिथंच होता आणि मी खोलीत दशम्या खात होते. दोन वाट्या घेतल्या. नंतर विमानतळ, बँकॉक, मुंबई आणि पहाटे द्रुतगती मार्ग.

पुढच्या रविवारी कराडला गेले. बरणी आईपुढं ठेवली, ऐंशी पार केलेल्या एका बाईंनी केलीत असं सांगितलं. आईनं मऊ भातावर तूप, मेतकूट घेतलं आणि एक उमेबोशी बोटांनी फोडून कडेला ठेवली. पहिल्या घासाला डोळे मिटले, अगदी माझ्यासारखे. मग बरणी उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

"मीठ किती घालतात म्हणालीस?"

"शंभराला पंधरा-वीस."

"आणि ऊन?"

"तीन दिवस."

ती उठली, फडताळातून लिंबाच्या लोणच्याची जुनी बरणी काढली, छोट्या बाटलीत चार फोडी भरल्या, झाकणाला फडकं बांधलं आणि माझ्या हातात दिली. "तुझ्या ऑफिसातलं पुढच्या महिन्यात कोण जातंय तिकडं?"

सोमवारी मालवणी मैत्रीण माझ्याच टेबलावर डबा घेऊन बसली. मी उठले नाही.